प्रा. हम्फ्री न्वोसू आणि १२ जून १९९३ : निकाल जाहीर न झालेल्या निवडणुकीचं प्रकरण

नायजेरियात १२ जून १९९३ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. लोकांनी शांतपणे मतदान केलं, मोजणी झाली, कोण जिंकलं ते अख्ख्या देशाला कळलं, आणि तरीही पूर्ण निकाल अधिकृतपणे जाहीर झालाच नाही, अकरा दिवसांनी लष्करी सरकारने सगळी निवडणूकच रद्द करून टाकली. जिंकलेले मोशूद अबिओला, रद्द करणारे जनरल इब्राहिम बाबंगिडा, या दोघांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते ही निवडणूक ज्याने घेतली त्या माणसाबद्दल, कारण तो राज्यशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि आयुष्यभर वर्गात जे शिकवलं ते प्रत्यक्ष उभं करायची संधी त्याला मिळाली. ती त्याने कशी वापरली आणि कुठे त्याचे हात बांधले गेले, हे नीट बघण्यासारखं आहे.

हम्फ्री न्वोसू. जन्म १९४१ चा, आग्नेय नायजेरियातल्या आजच्या अनाम्ब्रा राज्यातलं अजाली हे गाव. समाज इग्बो. नायजेरियात हौसा-फुलानी उत्तरेला, योरुबा नैऋत्येला आणि इग्बो आग्नेयेला असे तीन मोठे समाज, बाकी शेकडो लहान. इग्बोंनी १९६७ मध्ये बियाफ्रा नावाने वेगळं राष्ट्र जाहीर केलं, अडीच वर्षं युद्ध चाललं, लाखो लोक मेले, त्यातले बहुतेक उपासमारीने, आणि जानेवारी १९७० मध्ये शरणागती. त्यानंतर केंद्रातल्या मोठ्या पदावरच्या इग्बो माणसाकडे कायम दोन्हीकडून शंकेने पाहिलं जायचं, दिल्लीत बसलेल्या ईशान्येकडच्या अधिकाऱ्याला जे सोसावं लागतं त्याच्या कितीतरी पट. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

न्वोसूंनी अमेरिकेत बर्कलीला पीएचडी केली आणि परत येऊन न्सुकाच्या नायजेरिया विद्यापीठात शिकवायला लागले. न्सुका म्हणजे इग्बो भागातलं सगळ्यात मानाचं विद्यापीठ, १९६० मध्ये सुरू झालेलं, युद्धात पार उद्ध्वस्त झालेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं. त्यांचा अभ्यासाचा विषय नोकरशाही आणि स्थानिक स्वराज्य. म्हणजे सत्तेचे मोठे सिद्धांत मांडणारा हा माणूस नव्हे. गावपातळीवर कागद कोण ठेवतो, सही कुणाची लागते, हिशेब कुणाकडे असतो, यात रस असलेला. माझं मत असं की १९९३ चं सगळं प्रकरण कळायला ही एकच गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

ऐंशीच्या दशकात ते काही काळ अनाम्ब्राच्या लष्करी गव्हर्नरच्या मंत्रिमंडळात होते, मग १९८९ मध्ये राष्ट्रीय निवडणूक आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर होते प्रा. एमे आवा, तेही इग्बो, तेही राज्यशास्त्राचे, तेही न्सुकाचेच. आवांचं बाबंगिडांशी पटलं नाही आणि ते बाजूला झाले. म्हणजे न्वोसूंना कामाला लागायच्या आधीच ठाऊक होतं की हा लष्करशहा प्राध्यापकांना मान देऊन बोलावतो, पण किती मोकळीक द्यायची ते स्वतःच ठरवतो. बाबंगिडांच्या भोवती असे बरेच विद्वान होते. लोकशाही अध्ययन केंद्राचे प्रमुख ओमो ओमोरुयी हेही राज्यशास्त्राचेच प्राध्यापक.

आता इथे एक प्रश्न येतोच, लष्करी राजवटीत असं पद घ्यावं का? त्या काळी नायजेरियातल्या डाव्या प्राध्यापकांनी यावर कडक टीका केली होती आणि ती चुकीची नव्हती. पण मला वाटतं, सत्ता नागरिकांच्या हाती द्यायची घोषणा सरकारने केलेली असताना निवडणुकीची यंत्रणा कुणीतरी बांधायलाच हवी होती, आणि ती बांधणारा जाणकार असणं हे लोकांच्याच फायद्याचं होतं. पुढे जे घडलं त्यावरून तरी असंच दिसतं.

सुरुवातीलाच त्यांना पहिला दणका बसला. १९८९ मध्ये पक्ष म्हणून नोंदणी मागणाऱ्या तेरा संघटनांचे अर्ज आले, आयोगाने छाननी करून सहा पुढे पाठवल्या, आणि बाबंगिडांनी सहाच्या सहा फेटाळून स्वतःच दोन पक्ष काढले. एक सोशल डेमोक्रॅटिक पार्टी, थोडी डावीकडे, दुसरी नॅशनल रिपब्लिकन कन्व्हेन्शन, थोडी उजवीकडे. पक्षांची ऑफिसंसुद्धा सरकारने बांधून दिली. सत्ता सोडायची तारीख आधी १९९० होती, मग १९९२ झाली, मग २ जानेवारी १९९३, शेवटी २७ ऑगस्ट १९९३. दरवेळी काहीतरी कारण.

या सगळ्यात न्वोसू काय करत होते, तर मतदानाची पद्धत दुरुस्त करत होते. नायजेरियात १९६४ आणि १९८३ च्या निवडणुकांत मतपेट्या पळवणं, रात्रीतून भरणं, वाटेत आकडे बदलणं हे इतकं झालं होतं की लोकांचा मतपेटीवर विश्वासच उरला नव्हता. आधी त्यांनी खुलं मतदान आणलं, मतदारांनी सरळ उमेदवाराच्या चिन्हामागे किंवा फोटोमागे रांगेत उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर माणसं मोजायची. डिसेंबर १९९० च्या स्थानिक निवडणुका अशा झाल्या. चोरी कमी झाली हे खरं, पण सावकारासमोर, गावच्या प्रमुखासमोर, नवऱ्यासमोर उघड रांगेत उभं राहायचं म्हणजे गरीब माणसाची, बाईची कोंडीच की. ही टीका जोरात झाली आणि आयोगाने पद्धत बदलली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लष्करी राजवटीत टीका ऐकून पद्धत बदलणारं ऑफिस सहसा सापडत नाही.

मग पक्षांतर्गत उमेदवार निवडीचा गोंधळ झाला. १९९२ च्या प्राथमिक फेऱ्यांत पैशाचा इतका खेळ झाला की सरकारने त्या रद्द केल्या आणि तेवीस इच्छुकांवर बंदी घातली. त्यावर आयोगाने जी पद्धत आणली ती 'ऑप्शन ए-फोर' म्हणून आजही नायजेरियात लोकांच्या तोंडात आहे. राष्ट्राध्यक्ष व्हायचंय ना, मग आधी आपल्या वॉर्डात जिंका, मग स्थानिक पातळीवर, मग राज्यात, आणि मग राष्ट्रीय अधिवेशनात या. राजधानीत बसून प्रतिनिधी विकत घेणाऱ्याला आधी गल्लीत जाऊन उभं राहावं लागलं. मार्च १९९३ मध्ये जोसच्या अधिवेशनात अबिओला सोशल डेमोक्रॅटिककडून निवडून आले, बाबागाना किंगिबे दुसरे, अतिकू अबुबकर तिसरे. पोर्ट हारकोर्टला रिपब्लिकनांनी कानोचे बशीर तोफा निवडले. अबिओला योरुबा, तोफा उत्तरेचे. तोफांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार सिल्वेस्टर उगो, इग्बो, एकेकाळी बियाफ्राच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर. म्हणजे न्वोसूंच्या समाजाचा माणूस तोफांच्या बाजूला होता, हे पुढे कामाला येईल.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पद्धत ठरली ती अशी : सकाळी सगळ्या मतदारांनी केंद्रावर यायचं, नाव तपासून घ्यायचं आणि तिथेच थांबायचं, नोंदणी संपली की एकाच वेळी सगळीकडे मतदान सुरू, त्यामुळे एकच माणूस दोन केंद्रांवर मत देऊ शकत नाही. खूण आडोशाला करायची, पण मतपत्रिका सगळ्यांसमोर पेटीत टाकायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजणी त्याच जागी, लोकांसमोर, आकडा मोठ्याने सांगायचा, दोन्ही पक्षांच्या एजंटांनी सह्या करायच्या आणि प्रत घरी न्यायची. देशभरात अशी जवळपास एक लाख दहा हजार केंद्रं. स्थानिक प्रशासनाचा अभ्यास केलेला माणूसच हे असं आखू शकतो असं मला मनापासून वाटतं. पेटी पळवायची तरी कधी आणि कुठे, तिचा हिशेब आधीच गावाला कळलेला.

आता जून १९९३. असोसिएशन फॉर बेटर नायजेरिया नावाची एक संघटना, तिच्यामागे आर्थर न्झेरिबे, हेही इग्बोच, श्रीमंत राजकारणी, उघड म्हणत होते की बाबंगिडांनीच अजून काही वर्षं राहावं. ते आबुजाच्या हायकोर्टात गेले आणि गुरुवारी १० जूनच्या रात्री, हो रात्री नऊनंतर, न्यायमूर्ती बासी इकपेमे यांनी निवडणूक थांबवायचा आदेश दिला. मतदान शनिवारी. साहित्य देशभर पोचलेलं, कर्मचारी केंद्रांकडे निघालेले.

न्वोसूंच्या हातात एक कागद होता, १९९३ चा डिक्री क्रमांक १३, म्हणजे लष्करी सरकारचा वटहुकूम. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कुठल्याही कोर्टाच्या अंतरिम आदेशाने निवडणुकीची तारीख किंवा वेळ बदलणार नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३२९ मागे हाच विचार आहे, निवडणूक प्रक्रिया सुरू झाली की मध्ये कोर्ट नाही, तक्रार असेल ती नंतर याचिकेने. ११ जूनला लष्करी वरिष्ठांच्या बैठकीत बाबंगिडांसमोर न्वोसूंनी हेच मांडलं, तयारी पूर्ण आहे, कायदा आपल्या बाजूने आहे, निवडणूक होऊ शकते. तिथे काहीजणांना पुढे ढकलायचीच होती. बाबंगिडांनी शेवटी होकार दिला. त्याच दिवशी लागोसमधल्या अमेरिकी माहिती सेवेच्या अधिकाऱ्याने निवडणूक लांबवणं अमेरिकेला मान्य होणार नाही असं पत्रक काढलं, त्याला देश सोडायला लावलं, पण त्याचा दबाव काही प्रमाणात पडलाच असणार. तरी मला श्रेय न्वोसूंना द्यावंसं वाटतं, कारण त्या खोलीत 'कोर्टाचा आदेश आहे, माझा नाइलाज' एवढं एकच वाक्य बोलून ते सुटू शकत होते आणि त्यांना कुणी दोष दिला नसता.

१२ जून शांततेत गेला. नायजेरियाच्या निवडणुकांचा इतिहास माहीत असेल त्यालाच याचं मोल कळेल. नोंदलेले मतदार जवळपास ३ कोटी ९० लाख, मतं पडली १ कोटी ४३ लाखांच्या आसपास, मतदानाचं प्रमाण कमीच, कारण आदल्या दोन दिवसांत लोकांना निवडणूक आहे की नाही हेच कळत नव्हतं. पण निरीक्षक, पत्रकार, दोन्ही पक्षांचे एजंट, सगळ्यांचं म्हणणं एकच की यापेक्षा स्वच्छ निवडणूक देशाने पाहिली नाही. आणि मतं कशी पडली बघा. अबिओला मुस्लिम, त्यांचे जोडीदार किंगिबेही मुस्लिम, तरी ख्रिश्चनबहुल दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांनी त्यांना मतं दिली. तोफांच्या स्वतःच्या कानो राज्यात अबिओला १,६९,६१९ विरुद्ध १,५४,८०९ असे जिंकले. इग्बो राज्यांपैकी अबिया, एनुगू, इमो तोफांकडे गेली, आणि अनाम्ब्रा, न्वोसूंचं राज्य, अबिओलांकडे. धर्म, भाषा, प्रांत हे सगळं ओलांडून मत पडू शकतं हे नायजेरियाने त्या दिवशी करून दाखवलं, आणि हेच मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं दुःख वाटतं, की असा दिवस येऊन तो हातातून काढून घेतला गेला.

आयोगाने आबुजात निकालाचा मोठा फलक लावला आणि राज्याराज्यांचे आकडे लिहायला सुरुवात केली. १४ जूनपर्यंत चौदा राज्यांचे आकडे लागले, अबिओला पुढे. १५ तारखेला आबुजाचे मुख्य न्यायाधीश दाहिरू सालेह यांनी निकाल थांबवायचा आदेश दिला, १६ ला आयोगाने जाहीर केलं की पुढचे आकडे सध्या थांबवत आहोत, आणि वरच्या कोर्टात अपील केलं. इतर शहरांतल्या कोर्टांनी उलट आदेश दिले की निकाल जाहीर करा. २३ जूनला देशाचे उपराष्ट्राध्यक्ष ऐखोमू यांच्या प्रेस सेक्रेटरीने एक निवेदन वाचलं, साधा कागद, लेटरहेड नाही, सही नाही, त्यात निवडणूक रद्द, आयोग स्थगित, डिक्री १३ रद्द. कारण काय दिलं, तर न्यायव्यवस्थेची बदनामी वाचवायची म्हणून. ज्या गोंधळाची सुरुवात रात्रीच्या त्या आदेशाने झाली तोच गोंधळ कारण म्हणून पुढे केला गेला.

न्वोसूंवर सगळ्यात मोठा आक्षेप इथलाच. ११ जूनला कोर्टाचा आदेश बाजूला ठेवायची हिंमत होती तर १६ जूनला का नाही? डिक्री १३ तर तोच होता, आयोगाच्या कामाला तो संरक्षण देत होता, मग उरलेल्या राज्यांचे आकडे वाचून मोकळं का नाही व्हायचं? मी यावर बराच विचार केलाय आणि मला दोन्ही बाजू दिसतात. एकीकडे खरंच वाटतं की १४ आणि १५ जूनचे ते काही तास निर्णायक होते, आकडे आलेले होते, माइक हातात होता. दुसरीकडे ११ तारखेला त्यांच्यामागे बाबंगिडांचा होकार होता, १६ तारखेला नव्हता, आणि त्यांचं पद टिकून होतं ते पूर्णपणे त्या होकारावर. त्याच वर्षांत आपल्याकडे टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि त्यांनी भल्याभल्यांना हात टेकायला लावले, पण शेषनना काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखी संसदेत प्रक्रिया करावी लागली असती. न्वोसूंना काढायला एक कागद पुरला. त्यांच्या जागी इतिहासाचे प्राध्यापक ओकोन उया आणले, नवी निवडणूक घ्यायला, ती कधी झालीच नाही. एका माणसाच्या धैर्याचं मोजमाप करताना त्याच्या पायाखाली काय होतं ते आधी बघावं, असं मला वाटतं, आणि म्हणून त्यांना भित्रा म्हणायला मी तयार नाही.

पुढचं थोडक्यात. जुलैच्या सुरुवातीला लागोसमध्ये निदर्शनं पेटली, गोळीबारात शंभराहून जास्त लोक मेले. लागोसमधले हजारो इग्बो बायकापोरं घेऊन पूर्वेकडे गावी पळाले, उत्तरेत इग्बोंच्या झालेल्या १९६६ च्या कत्तली आणि त्यामागून आलेलं युद्ध डोळ्यांसमोर होतं ना. २६ ऑगस्टला बाबंगिडा गेले, शोनेकान यांचं हंगामी सरकार आलं, नोव्हेंबरमध्ये जनरल सानी अबाचांनी सत्ता घेतली. अबिओलांनी ११ जून १९९४ ला स्वतःला राष्ट्राध्यक्ष घोषित केलं, अटक झाली, त्यांच्या पत्नी कुदिरात यांचा जून १९९६ मध्ये रस्त्यात गोळ्या घालून खून झाला, आणि ७ जुलै १९९८ ला अबिओला कैदेतच वारले, अबाचांच्या मृत्यूनंतर बरोबर एका महिन्याच्या आत. नागरी सरकार आलं ते मे १९९९ मध्ये.

आणि न्वोसू? गप्प. पंधरा वर्षं. या गप्प राहण्याचा मला त्रास होतो हे मी लपवत नाही. अबाचाच्या काळात बोलणं जिवावरचं होतं हे मान्य, पण १९९९ नंतरही नऊ वर्षं गेली. १२ जून २००८ ला त्यांनी पुस्तक काढलं आणि पूर्ण आकडे दिले : अबिओला ८३,४१,३०९, तोफा ५९,५२,०८७, म्हणजे ५८ टक्के आणि ४२ टक्के. पुस्तकावर टीका झाली की बाबंगिडांना फार सांभाळून घेतलंय, दोष त्यांच्या आजूबाजूच्या अधिकाऱ्यांवर टाकलाय. ती टीका मला पटते. ज्या माणसाच्या सहीशिवाय देशात पान हलत नव्हतं त्याला यातून वगळता येत नाही.

पण त्या आकड्यांकडे बघा. ते २००८ मध्ये कुणाला नवीन नव्हते. निवडणुकीनंतर काही दिवसांतच कॅम्पेन फॉर डेमॉक्रसी या लोकशाहीवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी निकाल बाहेर काढला होता, कारण केंद्राकेंद्रावरच्या सह्या केलेल्या प्रती लोकांकडे होत्या. आयोगाने फलक झाकला तरी लाखभर गावांत, गल्ल्यांत आकडे मोठ्याने वाचले गेले होते, ऐकणारे जिवंत होते. प्राध्यापकाने आखलेल्या पद्धतीने प्राध्यापक स्वतः गप्प असतानाही काम केलं. रद्द झालेल्या निवडणुकीचा निकाल आकड्यांसकट माहीत आहे अशी उदाहरणं जगात फार नाहीत, आणि हे आपोआप घडलेलं नाही.

२०१८ मध्ये बुहारी सरकारने लोकशाही दिन २९ मेवरून १२ जूनला नेला आणि अबिओलांना मरणोत्तर देशाचा सर्वोच्च किताब दिला, किंगिबे यांनाही सन्मान मिळाला. निवडणूक घेणाऱ्याचं नाव त्यात नव्हतं. न्वोसू ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत वारले, ८३ वर्षांचे होते. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बाबंगिडांनी आपल्या आत्मचरित्रात पहिल्यांदा मान्य केलं की अबिओलाच जिंकले होते, आणि आकडेही दिले, न्वोसूंच्या आकड्यांहून थोडे वेगळे, ८१,२८,७२० आणि ५८,४८,२४७, पण विजेता तोच. न्वोसूंना हे वाचायला मिळालं नाही याची मला फार हळहळ वाटते.

मार्च २०२५ मध्ये, अजालीला त्यांचा दफनविधी व्हायच्या आधी, सिनेटर एनिन्नाया अबारिबे यांनी प्रस्ताव मांडला की आजच्या निवडणूक आयोगाच्या मुख्यालयाला न्वोसूंचं नाव द्यावं. सभागृहात गोंधळ झाला, काही सदस्य म्हणाले की ज्याने निकालच जाहीर केला नाही त्याचा कसला गौरव, प्रस्ताव पडला आणि आग्नेयेचे सिनेटर बाहेर निघून गेले. एक मिनिट स्तब्धता तेवढी पाळली. त्याच वर्षी १२ जूनला राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी त्यांना मरणोत्तर कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द नायजर हा किताब जाहीर केला, म्हणजे राष्ट्रीय सन्मान उशिरा का होईना मिळाला.

सिनेटमधल्या त्या आक्षेपावर माझं उत्तर सरळ आहे. अबिओला जिंकले हे आज सभागृहातला कुणीही छातीठोकपणे सांगतो, १२ जूनला सुट्टी घेतो, भाषण करतो, तर त्या सगळ्याचा आधार असलेला आकडा कुठून आला हे त्याने सांगायला हवं. तो न्वोसूंच्या केंद्रांवरून आला. त्यांनी शेवटचं वाक्य माइकवर म्हटलं नाही ही उणीव आहेच आणि ती नोंदवलीही पाहिजे, पण त्या वाक्याच्या आधीचं सगळं काम त्यांनी पूर्ण केलं होतं, आणि ते इतकं पक्कं होतं की रद्द करणाऱ्यालाही बत्तीस वर्षांनी अबिओलाच जिंकले असं लिहावं लागलं. मुख्यालयाच्या पाटीवर त्यांचं नाव यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.